टाळूभर तेल

(बेंगळुरूतल्या एका खाजगी रुग्णालयात, तान्ह्या बाळांच्या आयसीयूबाहेरचा बाक. सकाळचे साडेअकरा.)

श्रीविद्या: ती बाटली पिशवीतच राहू द्या, अंबक्का. आत्ता बाहेर काढू नका.

अंबूबाई: दाखवायला म्हणून तर आणली गं. लंगोटात गुंडाळून आणलीय. तुम्ही सगळी गाडीत बसून निघून गेलात, मी मागं न्हाणीघर धुतलं, कुलूप घातलं, आणि मग बघते तर हात जळतोय. तीनदा शिकेकाईनं धुतला. चुन्यानं भाजतो तसा नव्हे, गार गार जळतोय. म्हटलं, हे खोबरेल नव्हे. बाळी कशी आहे?

श्रीविद्या: घशात नळी घातलीय. मशीन श्वास देतंय. गाडीत दोनदा आकडी आली, इथं आल्यावर पुन्हा एकदा.

अंबूबाई: अय्यो. कशानं म्हणतात?

श्रीविद्या: अजून सांगता येत नाही म्हणतात. मेंदूला इन्फेक्शन असेल, जन्मापासूनचं काही असेल. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणार आहेत. रघुनंदन खाली सही करायला गेलाय. सासूबाई त्याच्याबरोबर आहेत.

अंबूबाई: सव्वीस दिवसांच्या पोरीच्या पाठीत सुई?

श्रीविद्या: हो.

अंबूबाई: आणि तेलाचं सांगितलंस ना त्यांना?

श्रीविद्या: डॉक्टरांनी विचारलं होतं. बाळाला काही लावलं का, काही चाटवलं का. तिच्या अंगाला वास येत होता. आम्ही दारातून आत आलो तर तिथल्या नर्सनं मागं वळून बघितलं.

अंबूबाई: मग?

श्रीविद्या: मी म्हटलं, आम्ही खोलीत डिफ्यूझर लावतो, त्याचा वास कपड्यांना बसतो.

अंबूबाई: डिफ्यूझर म्हणजे ते वाफ सोडणारं भांडं?

श्रीविद्या: हो, तेच.

अंबूबाई: ते तर माळ्यावर आहे. बाळी घरी आल्यापासून एकदाही लावलं नाहीस. तान्ह्याच्या खोलीत नको, असं तूच मला सांगितलंस.

श्रीविद्या: माहीत आहे मला.

अंबूबाई: मग खोटं का बोललीस?

श्रीविद्या: सासूबाई शेजारी उभ्या होत्या, अंबक्का. मला सातवा लागला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, हा सुगंधी तेलाच्या बाटल्यांचा धंदा घरातून हलव. मी शपथेवर सांगितलं की एकही बाटली बाळाच्या वाऱ्याला येणार नाही. वेगळं कपाट केलं, त्याला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात असते, तुम्ही बघितलीय.

अंबूबाई: बघितलीय. मग ही बाहेर कशी आली?

श्रीविद्या: मला सर्दी झाली होती. काल संध्याकाळी वाफ घ्यायला बाथरूममध्ये नेली. तीन थेंब टाकले. तेवढ्यात ती रडायला लागली म्हणून तशीच पळाले. फळीवर राहिली.

अंबूबाई: बाळीच्या तेलाशेजारी.

श्रीविद्या: हो. तुमच्या तेलाशेजारी.

अंबूबाई: ते माझं तेल नव्हे गं. माझं तेल घाण्यावरचं, स्टीलच्या डब्यात असायचं. पहिल्याच दिवशी तो डबा तू परत पाठवलास. वेखंड नको म्हणालीस. धुरी नको, धुरानं बाळाची छाती भरते म्हणालीस. मी सरी म्हटलं, बरं म्हटलं. बरोबर असेल तुझं, शिकलेली आहेस. पण मग तुझ्याच हातच्या बाटलीतलं लावायचं ना मी?

श्रीविद्या: त्या बाटलीत खोबरेल होतं. अख्ख्या बाटलीत लव्हेंडरचा एक थेंब. एकच.

अंबूबाई: दोन्ही बाटल्या काळ्या, एका मापाच्या. दोन्हीवर तीच फुलाची चिठ्ठी.

श्रीविद्या: चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिलंय. पातळ केल्याशिवाय लावू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. मी स्वतः छापून घेतलंय ते.

अंबूबाई: इंग्रजीत.

श्रीविद्या: हो.

अंबूबाई: मला कन्नड वाचता येतं, मराठी स्वल्प वाचता येतं. घरात मूल कोण न्हाऊ घालतंय हे तुला ठाऊक होतं ना?

श्रीविद्या: पण वास? वास तरी आला असेल. डोळ्यांना झोंबलं असेल.

अंबूबाई: झोंबलं ना. पाणी आलं डोळ्यांतून. पण तुझ्या घरात वास नसलेली बाटली कुठली? मागं एकदा मी म्हटलं होतं, विद्या, हे उग्र वाटतंय मला. तर तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, अंबक्का, तुम्ही न्हाऊ घालायचं बघा, तेलातलं मला कळतं, मी सर्टिफिकेट घेतलंय. रघुनंदनसमोर म्हणालीस. त्या दिवसापासून मी विचारायचं सोडलं. तुझ्या आईच्या जागी मी येत होते असं मला वाटत होतं. तुला मी कामाची बाई वाटले.

श्रीविद्या: आत्ता ते नको ना.

अंबूबाई: बरं, नको.

श्रीविद्या: किती घातलंत?

अंबूबाई: टाळू भरायची ती किती भरतात? तळहाताचा खळगा करून. हे एवढं.

श्रीविद्या: तळहातभर?

अंबूबाई: दोनदा.

श्रीविद्या: दोनदा का?

अंबूबाई: पहिलं लगेच प्याली म्हणून. रोज ते खोबरेल टाळूवर बसून राहतं, थापटून थापटून जिरवावं लागतं. आज बघता बघता दिसेनासं झालं. मला बरं वाटलं गं. चाळीस वर्षं हेच सांगत आले सगळ्यांना, टाळू तेल प्याली की मूल बाळसं धरतं. म्हटलं, तहानलेली होती पोर. परत ओतलं.

श्रीविद्या: पीत नव्हती ती. उडत होतं ते. वाफ होऊन तिच्या नाकात जात होतं. आणि राहिलेलं कातडीतून आत.

अंबूबाई: मग ती रडता रडता थांबली. रोज न्हाताना घर डोक्यावर घेते, आज मध्येच गप्प. मी समजले सुखावली. वारा लागू नये म्हणून टोपडं घट्ट बांधलं आणि तुझ्या कुशीत आणून दिली. तूसुद्धा म्हणालीस, आज काय जादू केलीत अंबक्का.

श्रीविद्या: म्हणाले मी.

अंबूबाई: तुला वास नाही आला?

श्रीविद्या: नाक बंद होतं माझं. गाडीत तिचं डोकं तोंडाजवळ धरलं तेव्हा डोळे चुरचुरले. तेव्हा कळलं.

अंबूबाई: म्हणजे इथं पोचायच्या आधी तुला ठाऊक होतं.

श्रीविद्या: हो.

अंबूबाई: किती वाजता पोचलात?

श्रीविद्या: दहाला.

अंबूबाई: तिकडं घड्याळ आहे बघ. बारा वाजायला आलेत.

श्रीविद्या: मला वाटलं, आकडीचं औषध देतील, बरी होईल, सांगायची वेळच येणार नाही. मी दर शनिवारी वीस बायकांना शिकवते, अंबक्का. दोन वर्षांखालच्या मुलाला नीलगिरी नको, पुदिना नको, कापूर नको. त्या वह्यांमध्ये लिहून घेतात. हे माझ्याच घरात झालं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? रघुनंदन मला परत तिला हात लावू देईल का? सासूबाई तिला म्हैसूरला घेऊन जातील. मला माहीत आहे त्या काय म्हणतील.

अंबूबाई: काय म्हणायचं ते म्हणतील. न्यायला पोर तर राहायला हवी.

श्रीविद्या: तुम्ही सांगाल?

अंबूबाई: काय सांगू?

श्रीविद्या: की तेल तुमचं होतं. तुमच्या डब्यातलं, घरचं काहीतरी. तुमचं वय झालंय, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. जुन्या पद्धतीचं काहीतरी लावलं, चूक झाली, असं म्हणतील आणि सोडून देतील.

अंबूबाई: माझ्या डब्यातलं म्हणून?

श्रीविद्या: मी पाया पडते तुमच्या.

अंबूबाई: ऊठ. पाया नको पडू. शिवाजीनगरापासून मल्लेश्वरमपर्यंत आपल्या लोकांच्या घरांत माझ्या हातची पोरं आहेत. तू त्यातलीच. एकाच्या अंगाला कधी साधं गळू आलं नाही. हे नाव मी चाळीस वर्षांत मिळवलंय, विद्या. दुसरं काही मिळवलं नाही.

श्रीविद्या: चुकले मी. नका सांगू.

अंबूबाई: सांगते.

श्रीविद्या: काय?

अंबूबाई: माझं म्हणून सांगते. उद्यापासून मला कुणी दारात उभं करणार नाही, ते जाऊ दे. पण आत्ता सांगायचं, सही होऊन त्या सुईपर्यंत जायच्या आत. बोलाव त्यांना.

श्रीविद्या: रघुनंदन वर आला की...

अंबूबाई: रघुनंदन नाही आणि कुणी नाही. ते दार वाजव, नाहीतर मी वाजवते.

श्रीविद्या: थांबा. त्याच येताहेत.

डॉ. शिवलीला: श्रीविद्या, मिस्टर आले का सही करून? आत सगळी तयारी झालीय. आता थांबण्यात अर्थ नाही.

अंबूबाई: डॉक्टरबाई, मराठी येतं का तुम्हाला?

डॉ. शिवलीला: येतं की आजी, मी निपाणीची. तुम्ही कोण, बाळाच्या आजी का?

अंबूबाई: मी अंबूबाई. बाळीला न्हाऊ घालते. सकाळी टाळूवर तेल घातलं मी. ते खोबरेल नव्हतं. माझी चूक झाली, हे तुम्हाला सांगायला आले.

डॉ. शिवलीला: कसलं तेल?

अंबूबाई: माझ्याकडचं होतं. घरचं.

डॉ. शिवलीला: घरचं म्हणजे काय घातलं होतं त्यात? आजी, घाबरू नका, पण नीट सांगा. कापूर होता का? नीलगिरी? वेखंड उगाळून?

अंबूबाई: वास उग्र होता.

डॉ. शिवलीला: वास मलाही आला हो. उग्र म्हणून कसं चालेल? त्यात काय होतं ते कळल्याशिवाय मी काय समजायचं?

अंबूबाई: मला ठाऊक नाही.

डॉ. शिवलीला: तुमच्या घरचं तेल आणि तुम्हालाच ठाऊक नाही?

अंबूबाई: हात बघा माझा. अजून गार जळतोय. यावरून काही कळतं का बघा.

डॉ. शिवलीला: तळवा लाल झालाय तुमचा. मोठ्या माणसाचा हात असा झालाय तर त्या पोरीच्या डोक्याचं काय झालं असेल? किती घातलं? थेंब सांगा.

अंबूबाई: थेंब नव्हे हो. हा तळवा भरून. दोनदा.

डॉ. शिवलीला: देवा. बाटली आहे का? कोणी घरी जाऊन आणू शकेल का?

अंबूबाई: बाटली...

श्रीविद्या: पिशवीत आहे. अंबक्का, द्या ती. नीलगिरी साठ टक्के, पुदिना तीस, कापूर दहा. काहीही मिसळून पातळ केलेलं नाही. मोठ्यांनी वाफ घेताना बादलीभर गरम पाण्यात तीन थेंब टाकायचे असतात.

डॉ. शिवलीला: तुम्हाला कसं माहीत?

श्रीविद्या: बाटली माझी आहे. मीच तयार करते. चिठ्ठीवर नाव आहे बघा माझं. यांचं काही नाही, यांना वाचता येत नाही ते. मी उघड्यावर ठेवली होती.

डॉ. शिवलीला: मी दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्हाला विचारलं होतं.

श्रीविद्या: हो.

डॉ. शिवलीला: दोनदा विचारलं. तुम्ही डिफ्यूझर म्हणालात.

श्रीविद्या: हो.

डॉ. शिवलीला: टोपडं काढलं आणि तिला ऊब राहावी म्हणून आम्ही आमची टोपी घातली. अजून ती टोपी डोक्यावर आहे. डोकं कुणी धुतलेलं नाही. मी तुमचा शब्द धरून चालले, दीड तास. थांबा जरा. सिस्टर! पाठीची प्रोसिजर तूर्त थांबवा. बाळाची टोपी काढा आधी. कोमट पाणी आणि बाळाचा साबण घ्या, डोकं धुवायचंय. दोनदा, तीनदा, वास जाईपर्यंत. ग्लोव्हज घाला, आणि पाणी डोळ्यांत, नाकात जाऊ देऊ नका. मी आलेच.

अंबूबाई: डॉक्टरबाई, यावर उताऱ्याचं औषध असेल ना काही?

डॉ. शिवलीला: नाही आजी. धुवायचं, श्वास चालू ठेवायचा, आकडी दाबून धरायची. बाकी तिच्या अंगात किती गेलंय आणि तिच्या लिव्हरला किती झेपतं, त्यावर आहे.

श्रीविद्या: वाचेल ना?

डॉ. शिवलीला: मी आत्ता हो म्हणणार नाही. तीनदा आकडी आलीय, मध्ये श्वास थांबला होता. वाचली तरी पुढं काय राहील ते दोन दिवस मला सांगता येणार नाही. आणि हे सगळं मला फाइलमध्ये लिहावं लागेल. विचारलं कधी आणि सांगितलं कधी, तेही.

श्रीविद्या: लिहा.

डॉ. शिवलीला: मिस्टरांना कोण सांगणार?

श्रीविद्या: मी सांगते. सासूबाईंनाही मीच सांगते.

डॉ. शिवलीला: ही बाटली मी नेते. आजी, तुमचा हात दाखवून घ्या खाली. नुसतं पाणी लावू नका, साबण लावा.

अंबूबाई: हाताचं राहू दे हो. त्या सिस्टरला तेवढं सांगा, टाळूवर अंगठा दाबू नको म्हणावं. आणि पाणी आधी कोपरानं बघ म्हणावं. हातमोज्यातून कळत नाही.

डॉ. शिवलीला: सांगते. इथंच बसा दोघी.

श्रीविद्या: अंबक्का, तुम्ही तुमचं नाव का घेतलंत? मी म्हटलं म्हणून लगेच?

अंबूबाई: तू बोलणार नव्हतीस. कुणीतरी बोलायला हवं होतं. मला काय वाटलं, तेल लावलं एवढं कळलं की डॉक्टर पुढचं बघून घेतील. त्यांना आतलं काय ते लागतं, हे मला काय ठाऊक.

श्रीविद्या: मी दहा वाजता बोलले असते तर?

अंबूबाई: मी नऊ वाजता विचारलं असतं तर? बस कर. आता दोघींनी मिळून तेच तेच उगाळायला आयुष्य पडलंय.

श्रीविद्या: रविवारी बारसं आहे तिचं. पाळणा आलाय. नाव अजून कुणाला सांगितलं नाही मी.

अंबूबाई: मला पण सांगू नकोस. तिच्या कानात आधी सांगायचं असतं.

श्रीविद्या: त्या काचेतून दिसतंय का आतलं?

अंबूबाई: दिसतंय. ये, बघ.

श्रीविद्या: नाही बघवत मला. तुम्ही बघा. सांगा मला.

अंबूबाई: टोपी काढली. एकीनं डोकं उचलून धरलंय, दुसरी मगातून पाणी घालतेय. कोपर लावलं नाही, मनगट लावलं. ठीक आहे. चालेल.

श्रीविद्या: नळी?

अंबूबाई: नळी आहे. तिसरी धरून उभी आहे. डॉक्टरबाई डोक्याशीच आहेत. साबण लावला. हळू, बाई, हळू. हां, असं.

श्रीविद्या: हात हलवतेय का ती?

अंबूबाई: हात दुपट्यात आहेत.

श्रीविद्या: रडतेय का?

अंबूबाई: नळी आहे गं घशात. आवाज कसा येईल?

श्रीविद्या: आवाज नको. तोंड तरी वाकडं करतेय का? पाणी डोक्यावर पडलं की करते ना ती, ओठ काढून, रडायच्या आधी?

अंबूबाई: करते. रोज करते.

श्रीविद्या: आत्ता?

अंबूबाई: दुसऱ्यांदा पाणी घालताहेत. थांब.

श्रीविद्या: अंबक्का?

अंबूबाई: अजून नाही. बघतेय मी.